प्रतिजैविक उपचारकाळातील अर्धशिशी

प्रतिजैविक उपचारकाळातील अर्धशिशी म्हणजे अर्धशिशीचा (मायग्रेनचा) पूर्वीपासून त्रास असलेली व्यक्ती जीवाणुसंसर्गावर प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) घेत असताना उद्भवणारी डोकेदुखी. वैद्यकशास्त्रात ही स्वतंत्र व्याधी मानली जात नाही. मात्र या काळात दुखणारे डोके दर वेळी अर्धशिशीनेच दुखत असते असे नाही. संसर्ग, त्यावर दिलेले औषध आणि मूळची अर्धशिशी ही तीन वेगळी कारणे असून बाहेरून ती बरीचशी सारखी दिसतात. शिवाय अर्धशिशीवरील काही गोळ्या आणि काही प्रतिजैविके एकत्र आल्यास गंभीर अपाय होतो.

पालघर जिल्ह्याच्या पालघर व बोईसर–तारापूर पट्ट्यात हा प्रश्न नित्याचा आहे. पावसाळी ज्वर, क्षयरोग, पाळीची नोकरी आणि दोन निरनिराळ्या शहरांतील दोन डॉक्टरांकडून चाललेले उपचार या गोष्टी येथे एकाच घरात भेटतात.

नाव व स्वरूप

‘अर्धशिशी’ या शब्दात अर्ध्या शिराचा उल्लेख उघड आहे. आयुर्वेदाच्या संहितांत याला जवळ असणाऱ्या विकारास ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. युरोपीय भाषांतील ‘मायग्रेन’ हा शब्द ‘हेमिक्रेनिया’ म्हणजे ‘अर्धी कवटी’ या ग्रीक शब्दापासून झिजत आला. दोन दूरच्या परंपरांनी एकाच लक्षणावरून नाव ठेवावे, हे त्या लक्षणाच्या ठळकपणाचे द्योतक होय. प्रत्यक्षात दुखणे दोन्ही बाजूंनाही असू शकते.

उपचार न केल्यास झटका साधारणतः ४ ते ७२ तास टिकतो. ठणका, मळमळ किंवा उलटी, उजेड व आवाज असह्य होणे आणि हालचालीने दुखणे वाढणे ही त्याची लक्षणे होत. काही जणांना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमक किंवा अंधूक ठिपका दिसतो. त्यास ‘पूर्वाभास’ (ऑरा) म्हणतात. प्रौढ स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो.

पालघर व बोईसर–तारापूर परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक असून त्याच्या पश्चिमेस किनाऱ्यावर तारापूर गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली तरी ती बोईसरला लागून वसली आहे. रसायने, कापड, पोलाद यांबरोबर औषधांची मूळ द्रव्ये तयार करणारे कारखानेही तेथे आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल यांसारखी द्रव्ये जेथे तयार होतात, त्याच गावात ती गोळ्यांच्या रूपाने औषध दुकानांतून विकली जातात.

अर्धशिशीच्या दृष्टीने या परिसराची काही वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. कारखान्यांतील रात्रपाळी झोपेचे चक्र मोडते, आणि झोपेतील बदल हे झटका उद्दीपित करणारे एक सर्वमान्य कारण आहे. विद्रावकांचा उग्र वास, घामाने होणारी पाण्याची तूट, दुपारचे जेवण चुकणे आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत जाऊ लागलेल्या उपनगरी गाडीने पहाटे उठून मुंबई गाठणे यांचाही अनेकांना उपद्रव होतो. आजारपणात यांपैकी दोनतीन कारणे सहज एकत्र येतात. तापात जेवण जात नाही, झोप लागत नाही, पाणी कमी पडते, आणि संसर्ग नाहीसा होत असतानाच अर्धशिशी उसळते.

संसर्गकाळातील डोकेदुखीची कारणे

संसर्गामुळे होणारी डोकेदुखी. ताप आणणारा जवळजवळ प्रत्येक संसर्ग डोके दुखवतो. किनारपट्टीवर खरीप हंगामात गुडघाभर पाण्यात भातलावणी करणाऱ्यांना, तसेच तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातील जंतू पाण्यात मिसळून पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे हे याचे नेहमीचे चित्र. अर्धशिशीच्या रुग्णाला डोकेदुखीची सवय झालेली असल्याने तो ‘माझे नेहमीचेच’ म्हणून वेदनाशामक गोळी घेतो आणि दोन दिवस वाया जातात. अर्धशिशीने ताप येत नाही, हा सर्वांत सोपा भेद होय. हिवताप आणि डेंग्यू यांतही डोके दुखते. त्यांवर नेहमीच्या प्रतिजैविकांचा उपयोग नसल्याने रक्ततपासणीवाचून प्रतिजैविक सुरू करणे हा निदानाचा पर्याय ठरत नाही.

याहून गंभीर शक्यता जीवाणुजन्य मेंदुज्वराची. ताप, मान ताठणे, उजेड सहन न होणे, उलट्या व गुंगी ही त्याची लक्षणे असून त्यांतील दोन अर्धशिशीशी जुळतात. कानाच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी आधीच थोडे प्रतिजैविक पोटात गेले असल्यास मेंदुज्वराची लक्षणे सौम्य होतात आणि पाठीच्या कण्यातील द्रवाच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत. वैद्यकात याला ‘अर्धवट उपचारित मेंदुज्वर’ म्हणतात. रुग्णाने किंवा नातलगाने कोणती गोळी किती दिवस घेतली हे सांगणे अशा वेळी तपासणीइतकेच मोलाचे असते.

औषधामुळे होणारी डोकेदुखी. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड आदींच्या दुष्परिणामांत डोकेदुखीची नोंद आहे. बहुधा ती सौम्य असते व औषध संपल्यावर थांबते. डॉक्सिसायक्लिनचे मात्र वेगळे आहे. लेप्टोस्पायरोसिससाठी, तसेच मुरुमांसाठी महिनोन्महिने दिल्या जाणाऱ्या या औषधाने क्वचित कवटीच्या आतील दाब वाढतो. हा धोका तरुण व वजन जास्त असलेल्या स्त्रियांत अधिक असतो, आणि अर्धशिशीही याच वयाच्या स्त्रियांत जास्त आढळते; त्यामुळे गल्लत होण्यास भरपूर वाव राहतो. दुखणे रोजचे होणे, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणे, वाकल्यावर दृष्टी क्षणभर काळवंडणे, कानांत नाडीच्या ठेक्यात घोंघावणे आणि एकाचे दोन दिसणे ही त्याची चिन्हे. येथे गोळी थांबवून डोळ्याच्या आतील पडद्याची तपासणी तातडीने व्हावी लागते, कारण दाब तसाच राहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन डॉक्सिसायक्लिनबरोबर देत नाहीत, तेही याच कारणाने.

उलट्या व जुलाब यांमुळे होणारी पाण्याची तूट हेही प्रतिजैविकांच्या काळातील डोकेदुखीचे साधे कारण आहे. आणखी एक कारण मराठी घरांत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: तापात चहा नकोसा होतो. दिवसाला चार-पाच कप घेणाऱ्याचा चहा एकदम बंद झाला की साधारण १२ ते २४ तासांत कॅफीनच्या अभावाने डोके दुखू लागते, आणि दोष नव्या गोळीवर जातो.

‘सायनस’चा गैरसमज

गाल व कपाळ दुखू लागले, नाक चोंदले, की त्याला ‘सायनस’ म्हणून प्रतिजैविक घेण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. ‘मला सायनस आहे’ हे वाक्य तर व्याधीचे नाव म्हणूनच रूढ झाले आहे. वस्तुतः सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्या, आणि त्या सर्वांनाच असतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असे स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या २,९९१ व्यक्तींची पाहणी झाली. त्यांतील ८८ टक्के व्यक्तींची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारात बसत होती. अर्धशिशीच्या झटक्यात नाक वाहणे, डोळ्यांत पाणी येणे आणि चेहऱ्यावर दाब जाणवणे हेही घडते, म्हणून ही फसगत होते. ताप, घट्ट पिवळसर-हिरवट स्राव आणि दहा दिवसांहून अधिक टिकणारी किंवा एकदा कमी होऊन पुन्हा बळावणारी लक्षणे यांवरून जीवाणुसंसर्गाचा संशय बळकट होतो. ही चिन्हे नसताना दर एक-दोन महिन्यांनी घेतलेला प्रतिजैविकांचा क्रम अर्धशिशीला काहीच करीत नाही. झटका तीन दिवसांत आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळते.

औषधांचे घातक संयोग

एरगॉट व मॅक्रोलाइड. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धोका हाच होय. भारतात अर्धशिशीसाठी एरगोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल व उलटीरोधक द्रव्य अशी संयुक्त गोळी वर्षानुवर्षे वापरात आहे. डोके दुखू लागले की घरातील डब्यातून ती काढून घेण्याचा परिपाठ अनेक कुटुंबांत असतो. एरगोटामिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. यकृतातील सीवायपी ३ए४ नावाचे विकर त्याचे विघटन करून शरीरातील प्रमाण मर्यादेत ठेवते. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड गटातील प्रतिजैविके या विकराला रोखतात. मग नेहमीच्याच मात्रेतील एरगोटामिन रक्तात अनेक पटींनी साचते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बोटे गार पडणे, मुंग्या येणे, पांढरी किंवा निळसर होणे आणि चालताना पाय दुखणे ही सुरुवात असते. दुर्लक्ष झाल्यास ऊतक मरून बोट किंवा पाय कापावा लागण्याची वेळ येते. ही जोडी म्हणूनच पूर्णतः निषिद्ध आहे. क्लॅरिथ्रोमायसिन घसा व छातीच्या संसर्गांबरोबर जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूवरील उपचारातही देतात. म्हणजे ‘ॲसिडिटीच्या गोळ्या’ समजून घेतलेल्या पाकिटातही ते असू शकते. ॲझिथ्रोमायसिनचा विकरावरील परिणाम बराच कमी आहे, तथापि एरगॉटसोबत तेही टाळण्याची सूचना असते. गजकर्णावर दिले जाणारे इट्राकोनॅझोल प्रतिजैविक नसून बुरशीरोधक असले तरी त्याला हाच निषेध लागू होतो.

एरगॉट ही मुळात धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. मध्ययुगीन युरोपात राईच्या भाकरीतून तिने माणसांचे हातपाय सडवले, आणि तो आजार ‘सेंट अँथनीचा अग्नी’ म्हणून ओळखला गेला. महाराष्ट्राला ती बाजरीवरील ‘अरगट’ या नावाने परिचित आहे. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरी खाल्ल्याने झालेल्या सामूहिक विषबाधेची नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजरीवरील बुरशीची जात निराळी असल्याने तेथे हातपाय सडण्याऐवजी मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी ही लक्षणे दिसली. आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये राईवरील एरगॉटपासून एरगोटामिन वेगळे केले आणि विषाचे औषध झाले. मॅक्रोलाइडच्या संगतीत त्या औषधाचे पुन्हा विष होते.

इतर संयोग. अर्धशिशीच्या मळमळीसाठी नॅप्रोक्सेनबरोबर डोंपेरिडोन असलेली गोळी भारतात सर्रास दिली जाते. डोंपेरिडोन हृदयाच्या विद्युत्लयीवर परिणाम करते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनबरोबर हा परिणाम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन कॅफीनचे विघटन मंदावते, त्यामुळे नेहमीच्या चहानेही छातीत धडधड व निद्रानाश होतो. मान आखडल्यावर घेतल्या जाणाऱ्या टिझानिडिनचे प्रमाण तर ते इतके वाढवते की रक्तदाब घसरून रुग्ण कोसळू शकतो. ही जोडीही निषिद्ध आहे. लिनेझोलिड हे मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अंशतः रोखत असल्याने सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखी ट्रिप्टान औषधे किंवा प्रतिबंधासाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलिन यांच्याबरोबर ते देताना ‘सेरोटोनिन संलक्षणा’ची, म्हणजे कंप, घाम, ताप व अस्वस्थता यांची, भीती असते. रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे मेरोपेनेम रक्तातील व्हॅल्प्रोएटचे प्रमाण झपाट्याने खाली आणते. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला याने झटके वाढलेले जाणवतात. अपस्माराच्या रुग्णाच्या बाबतीत हे त्याहून गंभीर ठरते.

पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधांचा (उदा. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम) अर्धशिशीच्या नेहमीच्या गोळ्यांशी असा मोठा विरोध नाही.

क्षयरोगावरील उपचार

औषध-संवेदी क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असल्याने येथे अर्धशिशीचा प्रश्न पाच-सात दिवसांत मिटत नाही. रिफाम्पिसिन हे यकृतातील विकरांना चेतवणारे औषध आहे; त्यामुळे प्रोप्रॅनोलॉल व ॲमिट्रिप्टिलिन ही अर्धशिशीची प्रतिबंधक औषधे लवकर निकामी होतात आणि वर्षभर आटोक्यात असलेले झटके पुन्हा सुरू होतात. रुग्ण याचे खापर अशक्तपणावर फोडतो. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचाही भरवसा राहत नाही. इतर बहुतेक प्रतिजैविकांबाबत ही भीती सिद्ध झालेली नाही. पूर्वाभासासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मुळातच वर्ज्य मानतात, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आयसोनियाझिडचा संबंध थेट ताटातील मासळीशी येतो. कुपा, बांगडा यांसारखे मासे पकडल्यावर बर्फात नीट ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन साठते, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. शरीरातील जे विकर हिस्टामिन नाहीसे करते, त्याला आयसोनियाझिड अडवते. परिणामी जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगाला खाज, धडधड आणि कपाळ फुटल्यासारखी डोकेदुखी होते. सातपाटी, दांडी, नवापूर, तारापूर अशा गावांत मासळी सोडण्याचा सल्ला कोणी पाळणार नाही, आणि तसा तो देण्याचे कारणही नाही. ताजी मासळी चालते. शिळी, उन्हात राहिलेली किंवा दूरवरून बर्फाविना आलेली टाळावी लागते. जुने मुरवलेले चीज यासही हीच दक्षता लागू होते.

क्षयाच्या औषधांचा यकृतावर ताण पडत असल्याने पॅरासिटामॉलच्या मात्रेबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक मानतात.

झटक्याचे व्यवस्थापन

संसर्ग व प्रतिजैविक चालू असताना झटका आल्यास पॅरासिटामॉल हे सामान्यतः सर्वांत सुरक्षित पहिले औषध होय. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा समजली जाते. वजन कमी असल्यास, यकृताचा विकार असल्यास किंवा नियमित मद्यपान असल्यास ती याहून खाली येते. सर्दीच्या, अंगदुखीच्या व अर्धशिशीच्या संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असल्याने तिन्ही एकत्र घेणाऱ्याच्या हिशेबात चूक होते. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही औषधे एरवी अर्धशिशीवर गुणकारी असली तरी डेंग्यूचा किंवा लेप्टोस्पायरोसिसचा संशय असताना ती टाळतात, कारण पहिल्यात रक्तस्रावाची आणि दुसऱ्यात मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या इंजेक्शनांबरोबरही मूत्रपिंडाच्या काळजीने ती देत नाहीत.

झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गोळी पोटात तशीच पडून राहते किंवा उलटीत बाहेर येते, आणि हे वेदनाशामकाइतकेच प्रतिजैविकालाही लागू आहे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाल्यास मात्रा पुन्हा घ्यावी की नाही हे डॉक्टरांस विचारावे. मनाने दुप्पट मात्रा घेऊ नये. डॉक्सिसायक्लिन जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह घेऊन काही वेळ आडवे न होणे हिताचे असते, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. डोके दुखत असलेल्या माणसाला गोळी गिळून लगेच काळोख्या खोलीत पडायचे असते, तेव्हा येथे थोडा संयम लागतो. आम्लरोधक, लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनी डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांचे शोषण घटते. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-दह्याबरोबरही घेत नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना व संपल्यावर दोन-तीन दिवस मद्य वर्ज्य सांगतात. डहाणू-पालघरकडे ताडीला अनेक जण मद्यात धरत नाहीत, पण आंबलेल्या ताडीत अल्कोहोल असतेच.

डोके दुखते म्हणून प्रतिजैविक परस्पर बंद करणे अयोग्य. औषध बदलण्यासारखे असल्यास डॉक्टर ते बदलून देतात. प्रतिबंधासाठी चालू असलेले प्रोप्रॅनोलॉल तापात अचानक सोडणेही धोक्याचे असते. याउलट महिन्यात दहा किंवा अधिक दिवस एरगॉट, ट्रिप्टान वा संयुक्त गोळ्या, अथवा पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके असा क्रम तीन महिन्यांपलीकडे चालल्यास गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते.

नोंदी व औषध दुकान

मेंदूविकारतज्ज्ञासाठी पालघर-बोईसरचे अनेक रुग्ण मुंबई किंवा वापी-वलसाडकडे जातात. तापासाठी मात्र गल्लीतील दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठतात. अर्धशिशीची चिठ्ठी एका शहरात आणि प्रतिजैविकाची दुसऱ्या, अशी फारकत झाल्याने वर वर्णन केलेले संयोग कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. स्थलांतरित कामगारांच्या बाबतीत जुनी चिठ्ठी दुसऱ्या राज्यातील व दुसऱ्या भाषेतील असते. रिकामी पाकिटे जपून ठेवणे आणि नव्या डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास ती दाखवणे हा यावरचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. व्यापारी नावे शेकडो असल्याने पाकिटावरील मूळ द्रव्याचे नाव वाचणे महत्त्वाचे ठरते. डोकेदुखीचा दिवस, वेळ, घेतलेली गोळी आणि ताप यांची वहीत नोंद असल्यास तिन्ही कारणांतील भेद करणे डॉक्टरांस सुकर होते.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’ नुसार तिसऱ्या व चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, क्षयरोगावरील औषधे इत्यादी ४६ औषधे विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पाहुण्याने सुचवलेली वा मागच्या आजारातून उरलेली गोळी घेण्याला कोणतीही नोंदवही अडवू शकत नाही.

तातडीची लक्षणे

ताप व मान ताठणे, गुंगी, बडबड किंवा झटके, क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी, एका बाजूची शक्ती किंवा वाचा जाणे, दृष्टी मंदावणे, अंगावर जांभळे चट्टे, लघवी कमी होणे किंवा डोळे पिवळे पडणे, एरगॉटच्या गोळीनंतर बोटे गार व बधिर होणे, यांपैकी काहीही दिसल्यास ते अर्धशिशी समजून घरी थांबण्याजोगे नसते. गरोदरपणात आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तीव्र डोकेदुखीही याच वर्गात मोडते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्णाबरोबर त्याने घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे रुग्णालयात न्यावीत.